लाइफ सेटलमेंटचा पोर्टफोलिओ उभारताना या चुका टाळा

अमेरिकेत विमाधारकाला आपली चालू आयुर्विमा पॉलिसी त्रयस्थ गुंतवणूकदाराला विकता येते. या व्यवहाराला लाइफ सेटलमेंट म्हणतात. पॉलिसी ही मालमत्ता आहे, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९११ मध्ये ‘ग्रिग्सबी विरुद्ध रसेल’ या खटल्यात मान्य केले होते. खरेदीदार रोख किंमत देतो, पुढचे हप्ते भरतो आणि मृत्यूनंतर विमा रक्कम घेतो. व्यवहार असा सरळ दिसत असला, तरी बहुतेकांचा हिशेब एकाच जागी चुकतो: आयुर्मानाचा अंदाज ते मुदत ठेवीच्या तारखेसारखा वाचतात.

‘६० महिने’ या अंदाजाचा ढोबळ अर्थ इतकाच, की तशा प्रकृतीच्या माणसांपैकी साधारण निम्मी माणसे त्यानंतरही हयात असतील. समजा, १० लाख डॉलरची पॉलिसी २ लाखांना घेतली आणि दरवर्षी सुरुवातीला ४० हजार डॉलर हप्ता भरला. पाच वर्षांनी दावा मिळाल्यास वार्षिक परतावा सुमारे २४ टक्के पडतो. विमाधारक बारा वर्षे जगला, तर तोच परतावा ५ टक्क्यांच्याही खाली येतो. एड्सग्रस्तांच्या पॉलिसी घेणाऱ्यांनी १९९६ नंतर प्रभावी औषधे आल्यावर हेच अनुभवले. (माणूस जगला याचे दुःख करावे लागणे, ही या धंद्यातली अवघड बाजू आहेच.) म्हणून दोन स्वतंत्र संस्थांचे अंदाज घ्यावेत आणि किंमत ठरवताना लांबचा धरावा, विक्रेत्याने पुढे केलेल्या एकाच अंदाजावर विसंबू नये. टेक्सासमधील लाइफ पार्टनर्स या कंपनीवर आयुर्मान कमी दाखवल्याचा आरोप रोखे नियामकाने २०१२ मध्ये ठेवला आणि २०१५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

अंदाज लांबला की पुढची चूक आपोआप उघडी पडते, ती म्हणजे हप्त्यांसाठी रोकड न राखणे. एक हप्ता चुकला आणि वाढीव मुदतही टळली, तर पॉलिसी लॅप्स होते व आधीचे सगळे पैसे बुडतात. त्यातच युनिव्हर्सल लाइफ, म्हणजे हप्ता कमीजास्त करता येणाऱ्या आयुर्विम्याच्या प्रकारात विम्याचा खर्च वयानुसार वाढतो. त्यामुळे खरेदीपूर्वी विमा कंपनीकडून वाढत्या वयापर्यंतचे हप्त्यांचे ताजे गणित मागवावे. रोकड आटू लागलीच, तर सगळ्याच पॉलिसी अर्धवट जगवत बसू नये. विमा रकमेच्या मानाने ज्यांचा हप्ता जड आहे आणि आयुर्मान लांब आहे, त्या वेळेत विकून टाकाव्यात.

दहा पॉलिसींपैकी एकीतच निम्मी विमा रक्कम अडकली असेल, तर त्याला विविधीकरण म्हणता येत नाही.

पॉलिसीचा उगमही तपासावा. केवळ गुंतवणूकदारासाठी, विमायोग्य हितसंबंध (म्हणजे त्या माणसाच्या जगण्यात खरा कौटुंबिक किंवा आर्थिक रस) नसताना काढलेली पॉलिसी मुळातच रद्दबातल ठरते, असे अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितले. विमा कंपनीला पॉलिसीला आव्हान देता येते तो दोन वर्षांचा आक्षेप कालावधी उलटला, एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

शेवटी, मृत्यूची बातमी आपणहून कळेल असे गृहीत धरू नये. कुटुंबाचा पॉलिसीशी संबंध उरलेला नसतो, त्यामुळे संपर्क आणि मृत्यू नोंदींची पडताळणी ठरावीक काळाने झाली नाही, तर गेलेल्या माणसाचेही हप्ते भरले जात राहतात.