जुन्या बायोसवरून यूईएफआयवर जाताना

बायोस आणि यूईएफआय म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर; यूईएफआय त्यातलं नवं. आधी विंडोज-आर दाबून ‘एमएसइन्फो३२’ चालवा. ‘बायोस मोड’समोर ‘लेगसी’ दिसलं, तर मशीन जुन्या पद्धतीने सुरू होतंय. जुना बायोस डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमधला एमबीआर (पार्टिशनची यादी आणि बूट कोड) वाचून तिथला कोड चालवतो. त्यातले सेक्टरचे आकडे ३२ बिटांचे, म्हणून साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. यूईएफआय मात्र फॅट३२ पार्टिशनवरची बूट फाइल थेट उघडतो.

विंडोज १० (१७०३ किंवा पुढची, ६४ बिट) असेल तर फॉरमॅट नको. पण बॅकअप घ्याच, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तात्पुरता थांबवा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ टाका (टाइप अर्थातच इंग्रजीत). ही कमांड एमबीआर डिस्क यूईएफआयला लागणाऱ्या जीपीटी या नव्या मांडणीत बदलते; ‘/व्हॅलिडेट’ने आधी नुसती तपासणी होते. इथे अडलं तर बहुधा डिस्कवर चार प्रायमरी पार्टिशन असतात, तीनच चालतात. पास झालं की ‘/व्हॅलिडेट’च्या जागी ‘/कन्व्हर्ट’.

रीस्टार्ट करताच मदरबोर्डच्या सेटअपमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या बायोससारखं बूट करू देणारी सोय) बंद करून यूईएफआय निवडा. हे विसरलं तर विंडोज सुरूच होणार नाही. ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल, तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी राहू शकते; केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावून पाहा. सिक्युअर बूट (फक्त खात्रीचं, सही असलेलं बूट सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सगळ्यात शेवटी चालू करा.