वाहनांच्या काचेत दोष का राहतात: या चुका टाळा

ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे उष्णता आणि दाब देऊन काचेचे थर सांधणाऱ्या बंद टाकीतून, निघालेल्या विंडशील्डच्या कडेला बुडबुड्यांची माळ दिसली की पहिला संशय ऑटोक्लेव्हवरच घेतला जातो. दाबाच्या आणि तापमानाच्या नोंदी काढल्या जातात, त्या बहुधा बिनचूक निघतात, आणि तरीही पुढच्या खेपेला तापमान चार अंशांनी वाढवून पाहिले जाते. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. वाहनांच्या काचेत दोष जिथे दिसतो तिथे तो सहसा उपजलेला नसतो, म्हणून शोध नेहमी उलट्या दिशेने, म्हणजे शेवटच्या टप्प्याकडून कापणीच्या टेबलाकडे, घेत जावा.

बुडबुडे आणि सुटलेल्या कडा

विंडशील्ड म्हणजे सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या दोन काचा आणि त्यांच्यामधला पीव्हीबी या लवचीक प्लास्टिकचा पापुद्रा, ज्याची नेहमीची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. या दोन काचा साच्यावर एकत्र, एकीवर एक ठेवून आणि मधे बारीक भुकटी पसरून वाकवल्या जातात, कारण वेगवेगळ्या वाकवलेल्या काचांची गोलाई तंतोतंत जुळत नाही. वाकवलेल्या जोडीतली एक काच धुताना किंवा रचताना फुटली आणि तिच्या जागी दुसऱ्या जोडीतली काच बसवली, तर कोपऱ्यात केसाएवढी फट राहते. ऑटोक्लेव्हचा दाब ती फट तात्पुरती मिटवतो. काच मात्र स्प्रिंगसारखी मूळ आकाराकडे ओढ घेत राहते आणि काही दिवसांनी त्याच कोपऱ्यात पापुद्रा सुटू लागतो. फुटलेल्या काचेची जोडीदार काच बाजूला काढणे जिवावर येते खरे, पण ती वाचवण्यात काहीच वाचत नाही.

बुडबुडे कोपऱ्यांपुरते न राहता कडेने सलग दिसत असतील, तर हवा काढण्याचा टप्पा तपासावा. रोलर वापरा किंवा काचेच्या कडेभोवती बसवून हवा ओढून घेणारे निर्वात कडे, हवा पुरेशी निघण्याआधी काच तापली की कडेचा पीव्हीबी चिकटून बसतो आणि आतली हवा कोंडली जाते. ऑटोक्लेव्हमधले साधारण १३० ते १४५ अंश सेल्सिअस तापमान आणि १० ते १४ बार दाब उरलीसुरली हवा पीव्हीबीत विरघळवण्यासाठी असतात. आधीच्या टप्प्यातली ढिलाई भरून काढणे त्यांच्या आवाक्यात नाही. उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते: वेळ वाचवण्यासाठी काच गरम असतानाच दाब सोडला जातो, आणि विरघळलेली हवा पुन्हा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येते.

बाहेर काढताना स्वच्छ दिसणारी काच १०० अंशांवर दोन तास ठेवण्याच्या चाचणीत मध्यभागीही बुडबुडे दाखवत असेल, तर हवेबरोबरच ओलाव्याचाही संशय घ्यावा. पीव्हीबीत वजनाच्या साधारण ०.४ ते ०.५ टक्के ओलावा अपेक्षित असतो आणि तो टिकावा म्हणून रचणीच्या खोलीतली सापेक्ष आर्द्रता २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास ठेवली जाते. उघडलेला रोल रात्रभर तसाच ठेवला, किंवा काच धुतल्यावर तिच्या कडा नीट सुकल्या नाहीत, तर हे गणित बिघडते.

इथे एका गैरसमजाबद्दल बोलायला हवे. पीव्हीबी जितका घट्ट चिकटेल तितके चांगले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात आघात झाल्यावर पापुद्रा काचेपासून थोडा सुटून ताणला गेला, तरच तो धक्का शोषतो; अति घट्ट चिकटलेला पापुद्रा काचेबरोबर फाटतो. पापुद्रा जास्त कोरडा झाला की चिकटपणा वाढतो, आणि धुण्याच्या पाण्यातले क्षार काचेवर राहिले की तो घटतो. त्यामुळे शेवटची धुलाई क्षारमुक्त पाण्यानेच करावी आणि चिकटपणा उणे १८ अंशांवर थंड केलेल्या तुकड्यावर हातोडीने ठोकून तपासावा. बोटाने पापुद्रा ओढून पाहणे ही चाचणी नव्हे.

काचेची कोणती बाजू वर?

पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या फ्लोट पद्धतीत वितळलेली काच सुमारे १,१०० अंशांवर कथलाच्या द्रवावर पसरते आणि ६०० अंशांच्या आसपास घट्ट होऊन बाहेर पडते. खालच्या बाजूत कथलाचा अंश मुरतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण मागच्या काचेवर चांदीच्या पेस्टने छापलेल्या तापणाऱ्या रेषा या बाजूवर भाजल्या की त्यांचा रंग अधिक पिवळट-तपकिरी येतो. कोणता रंग हवा हा पसंतीचा प्रश्न आहे. एकाच खेपेत दोन्ही छटा निघणे हा मात्र निव्वळ निष्काळजीपणा आहे. कमी तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली कथलाची बाजू दुधट चमकते. छपाईपूर्वी ही तपासणी करायला काही सेकंद पुरतात.

टेम्परिंगमधली मोडतोड

दारांच्या काचा ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड केल्या जातात; यालाच टेम्परिंग म्हणतात. त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण साठतो. यानंतर काच कापता, घासता किंवा तिला भोक पाडता येत नाही, म्हणून ही सारी कामे आधीच उरकलेली असावी लागतात. झोताखाली काचा फुटू लागल्या की भट्टीला दोष दिला जातो, पण बऱ्याचदा कारण कडेवरच्या टवक्यात असते: बोथट झालेले हिऱ्याचे चाक, कमी पडलेले थंड पाणी, किंवा कापणीच्या चाकावर दिलेला अवाजवी जोर. ओरखडा मारल्यावर काच लगेच तोडावी. उशीर झाला की तडा रेषा सोडून भरकटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ४३ नुसार फुटलेल्या टेम्पर्ड काचेच्या ५ × ५ सेंटीमीटर चौकोनात किमान ४० तुकडे मोजले जायला हवेत. तुकडे मोठे येत असतील तर सरळ भट्टीचे तापमान वाढवू नये, कारण जास्त मऊ झालेली काच रोलरांमध्ये किंचित लवते आणि प्रतिबिंबे लाटांसारखी डुलू लागतात. आधी झोताचा दाब, नळ्यांचे अंतर आणि काच भट्टीतून झोताखाली यायला लागणारा वेळ पाहावा.

धक्का न लागता फुटलेल्या काचेचे तुकडे मात्र झाडून टाकू नयेत. फुटीच्या उगमापाशी दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे जोडीने सापडले आणि त्यांच्या सांध्यावर, जाडीच्या मध्याजवळ, सूक्ष्म गोळी दिसली, तर तो निकेल सल्फाइडचा कण असण्याची दाट शक्यता असते. तो वितळणीच्या भट्टीतून आलेला असतो आणि हळूहळू फुगत जातो. उगम कडेवर असेल, तर पुन्हा घासाईकडे वळावे.

ध्रुवित चष्म्यातून टेम्पर्ड काचेवर दिसणारे ठिपके आणि पट्टे हा ताणाचा नकाशा असतो. ते झोताच्या नळ्यांच्या रचनेप्रमाणे उमटतात, आणि तुकड्यांची चाचणी उत्तीर्ण झालेली काच केवळ त्या ठिपक्यांसाठी नाकारू नये.