बाबागाडी घ्यायच्या आधी घर मोजा (छोट्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी)

इकडे परदेशात नवीन आलेल्यांपैकी कुणाकडे गोड बातमी असली की फोन येतोच, आणि डॉक्टर, हॉस्पिटल, सुट्ट्या हे सगळं बोलून झालं की शेवटी प्रश्न येतो, "ताई, प्रॅम कुठली घेऊ?" मला इकडे येऊन बरीच वर्षं झाली, दोन मुलं दोन वेगवेगळ्या छोट्या फ्लॅटमध्ये वाढवली, पहिला लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर आणि दुसरा लिफ्ट असलेला पण लिफ्ट अशी की चार माणसं श्वास रोखून उभी राहतील, त्यामुळे ह्या विषयावर मी इतक्यांदा तेच तेच सांगितलंय की आता एकदा नीट लिहून काढते.

कुठली घेऊ हे नंतर बघू. आधी मला सांगा गाडी घरात उभी कुठे राहणार? संध्याकाळची वेळ आहे, बाहेर पाऊस, चाकं ओली, बाळ आत्ताच कुठे झोपलंय, तुमच्या हातात सामानाची पिशवी, आणि तुम्ही दार उघडून आत पाऊल टाकलंत. आता पुढे काय करणार? गाडी अख्खी आत येते का, आली तर बाथरूमचं दार उघडतं का, बाळाला न उठवता तिथेच ठेवता येईल का, आणि नाही तर एका हातात बाळ घेऊन दुसऱ्या हाताने ती मिटता येईल का. ह्या एका प्रसंगासाठी गाडी निवडायची. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर सगळ्याच गाड्या एका बोटाने पळतात.

आमची पहिली गाडी आम्ही नेमकी अशीच फरशीवर पळवून बघून घेतली. मोठी चाकं, छान उंच, कॅरीकॉट (तान्ह्या बाळाला सपाट झोपवायचा टोपलीसारखा भाग) वेगळा, सीट वेगळी, कार सीटही बसणारी. विकणाऱ्याने मिटून दाखवली तेव्हा वाटलं वा, किती सोपं. घरी आल्यावर कळलं की त्याने दाखवली ती फक्त फ्रेम होती, सीट त्याने आधीच काढून बाजूला ठेवली होती. म्हणजे आमच्या घरात ती एक गाडी नसून दोन वस्तू झाल्या, फ्रेम दाराच्या मागे, त्यामुळे मेन डोअर अर्धंच उघडायचं, आणि सीट दिवसा पलंगावर आणि रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर. रोज रात्री ती सीट उचलून ओट्याखाली सरकवताना मला अक्षरशः रडू यायचं, बाळंतपणानंतरचे दिवस असतातच नाजूक. चार महिन्यांनी विकली.

तर मोजायचं काय. मेन डोअर पूर्ण उघडल्यावर चौकटीत प्रत्यक्ष मोकळी जागा किती राहते ते मोजा, कारण उघडलेलं दारही स्वतःच्या जाडीएवढी जागा खातं. मग पॅसेजची रुंदी. मग लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली खोली. एका बाळाच्या गाड्या मागच्या चाकांपाशी साधारण ५० ते ६० सें.मी. रुंद असतात, जुळ्यांची शेजारी शेजारी सीटवाली ७५ च्या आसपास जाते, त्यामुळे सरळ आत शिरायला एकट्या बाळाच्या गाडीला सहसा अडचण येत नाही, अडचण येते ती वळताना. हँडलपासून पुढच्या चाकापर्यंत गाडी जवळपास एक मीटर लांब असते, आणि दारातून आत आल्या आल्या काटकोनात वळायचं असेल तर तिथे ती अडकते. हे आकड्यांवरून कळत नाही. एका मोठ्या खोक्याचा पुठ्ठा गाडीच्या मापाचा कापा आणि तो जमिनीवरून सरकवत दारातून आत, पॅसेजमधून खोलीपर्यंत नेऊन बघा, लिफ्टमध्येही घेऊन जा, शेजारी बघतील तर बघू देत.

मग जिथे गाडी ठेवायचा विचार आहे तिथे जमिनीवर चिकटपट्टीने तिचा चौकोन आखा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. त्या चौकोनात पाय न टाकता घरात वावरता आलं तर जागा बरोबर आहे. आमच्या दुसऱ्या घरात हा चौकोन आम्ही तीनदा उखडून तीन ठिकाणी लावला, शेवटी कपाट आणि खिडकीच्या मधली अशी जागा सापडली जी मी आधी रिकामी जागा म्हणून मोजलीच नव्हती.

मिटलेल्या हलक्या गाडीचे आकार मुख्यतः दोन, आणि हा फरक आधी कुणीच सांगत नाही. एक छत्रीसारखी मिटणारी, म्हणजे लांब आणि बारीक, मिटली की मीटरभर उंच काठी झाल्यासारखी. ही कल्पना ओवेन मॅक्लारेन ह्या ब्रिटिश इंजिनिअरची, १९६५ ची, हा माणूस विमानांच्या कामातला, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला, आणि मुलगी नातवंडाला घेऊन आली तेव्हा तिची जड प्रॅमशी चाललेली झटापट बघून त्याने हलक्या ॲल्युमिनियमची मिटणारी गाडी बनवली. दुसरा आकार म्हणजे तिनदा घडी होऊन चौकोनी बॅगेसारखी होणारी, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात जाईल अशी. ह्यातली योयो नावाची गाडी बऱ्याच जणांनी पाहिली असेल, ती मिटल्यावर साधारण ५२ × ४४ × १८ सें.मी. होते आणि वजन सहा किलोच्या आसपास. आता तुमच्या घरात रिकामी जागा कशी आहे ते बघा. दाराच्या मागे किंवा कपाटाच्या बाजूला उंच चिंचोळी फट असेल तर छत्रीवाली तिथे आरामात उभी राहते, चौकोनी तिथे शिरणारच नाही. आणि पलंगाखाली किंवा कपाटात खालच्या कप्प्यात जागा असेल तर चौकोनी घ्या. "सगळ्यात छोटी कुठली" असं विचारून उपयोग नाही, तुमच्या जागेच्या आकाराची कुठली ते विचारा.

माहितीपत्रकातली मापं वाचताना दोन गोष्टी तपासा. माप सीट लावलेली असतानाचं आहे की काढून, आणि चाकांसकट आहे की चाकं काढून. काही ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि तिथेच दहा-पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. अजून एक, मिटल्यावर गाडी आपली आपण उभी राहते का? भिंतीला टेकवून ठेवायची गाडी दर दोन दिवसांनी घसरून पडते आणि छोट्या घरात ती कुणाच्या तरी पायावरच पडते. दोन सेंटिमीटर जास्त चालतील पण उभी राहणारी घ्या.

आता बाळाचं. नवजात बाळाला सपाट झोपवता आलं पाहिजे, ह्यात तडजोड करू नका. मान धरलेली नसते, अर्धवट बसल्यासारख्या अवस्थेत हनुवटी छातीवर येते आणि श्वासाची वाट दबू शकते. बऱ्याच हलक्या गाड्या सहा महिन्यांनंतरच्याच असतात, बॉक्सवर लिहिलेलं असतं, ते नीट वाचा. कार सीट फ्रेमवर लावून फिरवायची सोय छान दिसते पण कार सीट मोटारीतल्या प्रवासासाठी आहे, बाळाला त्यात तासन्‌तास झोपवायचं नसतं, सलग दोन तासांपेक्षा जास्त नको असा सल्ला सगळीकडे देतात. राहिला कॅरीकॉट, तो उत्तम, पण बाळ स्वतः बसायला लागेपर्यंतच वापरता येतो, म्हणजे पाच-सहा महिने, आणि घडी न होणारा असेल तर तेवढे महिने तो तुमच्या घरातला एक मोठा टब आहे असं समजा.

लिफ्ट नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, पहिले महिने बाळ अंगाला बांधायच्या कॅरियरमध्ये न्या आणि गाडी सहा महिन्यांनी हलकीच घ्या. कॅरियरमध्ये बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नको, एवढं सांभाळा. लिफ्ट असेल आणि तुम्ही रोज लांब चालणार असाल तर जन्मापासून चालणारी, पाठ पूर्ण आडवी होणारी, एका तुकड्यात मिटणारी गाडी शोधा, थोडी जड असली तरी चालेल.

जड म्हणजे किती हे कागदावर समजत नाही. मोठ्या गाड्या दहा ते चौदा किलो असतात, बाळ वर्षाचं होईपर्यंत नऊ-दहा किलोचं होतं. पाण्याच्या बाटल्या पिशवीत भरा, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि गाडीच्या वजनाएवढी पिशवी घेऊन आपल्याच जिन्याने एकदा वर चढा. एकट्याने, कारण सकाळी अकरा वाजता घरात दुसरं कुणी नसतं. आणि सिझेरियन झालं तर पहिले काही आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही असं डॉक्टर सांगतात, ते गृहीत धरून ठरवा. नवऱ्यांनो, हे तुम्हीही वाचा, "मी आहे ना उचलायला" हे खरं असलं तरी तुम्ही ऑफिसमधून येईपर्यंत ती आणि बाळ घरातच अडकून बसतात.

खाली जिन्याजवळ ठेवू असा विचार असेल तर घरमालकाला गाडी घ्यायच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जिना आणि पॅसेज ही आग लागली तर पळायची वाट असते, म्हणून बऱ्याच इमारतींमध्ये तिथे काही ठेवायला मनाई असते. चार शेजाऱ्यांच्या गाड्या तिथे दिसतात म्हणजे परवानगी आहे असं नाही, कधी तरी नोटीस लागते आणि मग सगळ्यांची धावपळ.

दुकानात गेलात की मिटायचं काम विकणाऱ्याला करू देऊ नका. बाळाऐवजी खांद्यावरची बॅग एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने तुम्ही स्वतः मिटा, उघडा, परत मिटा. उघडल्यावर लॉक बसल्याचा आवाज येतो का बघा, आणि हँडल हलवून खात्री करा. मिटताना उघडताना मूल जवळ नको, सांध्यात बोटं चिरडतात. ब्रेक चपलेने लागतो-निघतो का तेही बघा. पट्टा पाच ठिकाणी बांधणारा हवा, दोन खांद्यांवरून, दोन कमरेला आणि एक पायांमधून. हँडलची उंची तुम्ही दोघांनीही चालून बघा, आमच्या दोघांत फुटभर फरक आहे आणि एक गाडी केवळ त्यामुळे आम्ही सोडली.

हलक्या गाडीची एक खोड मात्र माहीत असू द्या. हँडलला पिशव्या लटकवल्या आणि बाळाला उचललं की गाडी मागे उलटते, कारण पुढे वजन राहिलंच नाही. माझ्या धाकट्याला मी बस स्टॉपवर उचललं आणि मागे धाडकन आवाज, दुधाची बाटली फुटपाथवर फुटली. तेव्हापासून सामान खालच्या बास्केटमध्येच. म्हणून बास्केटचा आकारही बघा, पाठ पूर्ण आडवी केल्यावर त्यात हात जातो का तेही.

चाकांबद्दल थोडक्यात, हवेची मोठी चाकं खडबडीत रस्त्याला छान पण पंक्चर होतात आणि घरात चिखलही तेवढाच आणतात, फोमच्या चाकांना हवेची कटकट नाही. दाराशी एक उथळ ट्रे किंवा जुना टॉवेल ठेवा, गाडी त्यावरच उभी करायची. ऊन असेल तेव्हा गाडीवर दुपट्टा किंवा पांघरूण टाकून झाकू नका, आत हवा खेळत नाही आणि फार लवकर तापतं.

नवीन आलेल्यांना सेकंडहँड घ्यायला संकोच वाटतो, वाटू देऊ नका. पहिल्या दोन-तीन वर्षांत बहुतेकजण घर बदलतातच, आज मोजलेली फट उद्याच्या घरात नसेल, त्यामुळे पहिल्या गाडीत फार पैसे अडकवू नका. फक्त तपासून घ्या, उतारावर ब्रेक लावून सोडून बघा, सगळे पट्टे आणि बकल आहेत का, फ्रेम कुठे वाकली किंवा चिरली नाही ना, आणि मॉडेल नंबर घेऊन कंपनीने ते मॉडेल परत मागवलं होतं का ते शोधा. सुरक्षेच्या नियमाचा नंबर लेबलवर असतो, युरोपात ईएन १८८८, अमेरिकेत एएसटीएम एफ८३३, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एएस/एनझेडएस २०८८. लेबलच फाडलेलं असेल तर मी ती गाडी घेत नाही. मॅन्युअल हरवलं असेल तर कंपनीच्या साईटवर सहसा मिळतं.

नवी घेतलीत तर परत करायची मुदत आणि अटी आधी विचारून ठेवा आणि मुदत संपायच्या आत घरातल्या घरात सगळं करून बघा. जमिनीवर जुनी चादर पसरा, चाकांना बाहेरची धूळ लागू देऊ नका, टॅग काढू नका, आणि दारातून आत आणणं, वळवणं, मिटणं, ठरवलेल्या जागी ठेवणं, रात्री बाथरूमला जाताना तिच्या बाजूने जाणं, सगळं दोन-चार दिवस करा. बाळ यायच्या आधी, पोट मोठं असताना केलंत तर अजून चांगलं, तेव्हा वाकून मिटता आली तर नंतरही येईल. खोकं सपाट करून पलंगाखाली ठेवा, मुदत संपेपर्यंत फेकू नका.