पेनिसिलिन भिंत फोडत नाही: प्रॅक्टिकलला बसणाऱ्यांसाठी

‘पेनिसिलिन जिवाणूची भिंत फोडते’ असे व्हायवात म्हटले की पुढचा प्रश्न ठरलेला: मग वाढ थांबलेल्या जिवाणूवर ते का चालत नाही? कारण ते उभ्या भिंतीला हात लावत नाही, चालू बांधकाम अडवते. वाढताना जिवाणू स्वतःच्याच ऑटोलायसिन विकरांनी भिंत जागोजागी उघडतो आणि नवा माल बसवतो. उघडणे चालू राहिले, सांधणे थांबले, की आतल्या दाबाने पेशी फुटते. गोव्यात बांबोळी असो, ताळगाव असो की पणजी, मायक्रोबायोलॉजीला किंवा फार्मसीला नव्याने आलेल्यांनी हे आधी पक्के करावे.

मग औषधे बांधकामाच्या क्रमाने लावा. गटवार पाठांतर परीक्षेनंतर टिकत नाही. पेशीच्या आत, अगदी सुरुवातीला, फॉस्फोमायसिन मुरए हे विकर बंद पाडते. डी-ॲलानिन या अमिनो आम्लाची जोडी सायक्लोसेरिन जुळू देत नाही. तयार तुकडा पटलापार नेणारा लिपिड वाहक बॅसिट्रॅसिनमुळे पुन्हा वापरात येत नाही. बाहेर व्हँकोमायसिन त्या डी-ॲलानिन जोडीच्या टोकालाच चिकटते, तर बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिन आणि त्याच्या गटातली औषधे, सांधणाऱ्या विकराला, म्हणजे पीबीपीला (पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन), जखडतात. रेझिस्टन्सही इथूनच कळतो. व्हॅनए जनुक असलेला एन्टरोकोकस शेवटच्या डी-ॲलानिनच्या जागी डी-लॅक्टेट लावतो. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ. ऑरियस, पीबीपी-2ए हे वेगळेच विकर आणतो. मायकोप्लाझ्माला भिंतच नाही, विषय संपला.

आता डिस्क टेस्ट: जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती (डिस्क) ठेवायची आणि तिच्याभोवती वाढ न झालेले वर्तुळ, म्हणजे झोन, मोजायचे. डिस्क लावताना म्युलर-हिंटन अगार 4 मिमी जाड हवा. पातळ ओतलात तर झोन उगीच मोठा येतो. जिवाणूंचे सस्पेन्शन 0.5 मॅकफार्लंडचे (हे गढूळपणाचे माप), 15 मिनिटांत वापरायचे. स्वॅब नळीच्या कडेला दाबून पिळा, प्लेट दर वेळी 60 अंश फिरवून तीनदा पसरा. दोन डिस्कच्या केंद्रांत किमान 24 मिमी ठेवा. टेकलेली डिस्क सरकवू नका, औषध लगेच अगारात उतरू लागते.

गोव्यात खरा शत्रू दमट हवा, त्यातही जून ते सप्टेंबर. ओल लागली की बीटा-लॅक्टमच्या रेणूतले वलय पाण्याने उघडते आणि डिस्क निकामी होते. साठा उणे 20 अंशांवर, रोजची डबी 2 ते 8 अंशांवर सिलिका जेलसकट. फ्रीजमधून काढल्यावर डबी तास-दोन तास न उघडता बाहेर राहू द्या, नाहीतर थंड डिस्कवर बाष्प धरते. कंट्रोल स्ट्रेनवर (ज्याचा झोन किती यावा हे आधीच ठरलेले असते) बीटा-लॅक्टम नसलेल्या जेंटामायसिनचा झोन ठीक आणि बीटा-लॅक्टम असलेल्या ॲम्पिसिलिनचाच आखडला, तर पहिला संशय डिस्कवर घ्या.

इन्क्युबेटर सवयीने 37 वर असतो. एमआरएसए शोधताना 35 च्या वर जाऊ नका, रेझिस्टन्स निसटू शकतो. स्टॅफ. ऑरियसवर 30 मायक्रोग्रॅम सेफॉक्सिटिनचा झोन 21 मिमी किंवा कमी आला तर एमआरएसए. स्टॅफवर व्हँकोमायसिनची डिस्क मात्र लावूच नका: मोठा रेणू अगारात नीट पसरत नाही, तिथे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच, म्हणजे द्रव माध्यमात औषध पायरीपायरीने विरळ करून तपासणे.

स्टॅफ. ऑरियसवर पेनिसिलिनच्या झोनची कड नुसती मोजू नका, निरखून बघा. वाढ कडेला विरळ होत गेली तर बीटा-लॅक्टमेज, म्हणजे पेनिसिलिन तोडणारे विकर, नाही. कापल्यासारखी धारदार कड असेल तर आहे, आणि मग झोन 29 मिमीच्या वर भरला तरी रिपोर्टात ‘रेझिस्टंट’च लिहायचे.