नकाशावरचे ठिपके घालवा, मग गाडी चालवा

ओपन वर्ल्ड रेसिंग गेम, म्हणजे मोठ्या नकाशावर हवं तिकडे गाडी फिरवायचा गेम, घेतला, दोन दिवस वेड्यासारखा खेळला आणि तिसऱ्या दिवशी कंटाळला, असे चार-पाच जण तरी मला इथे भुसावळात भेटलेत, आणि कोणाचाही नकाशा उघडून बघा, रेस, स्पीड ट्रॅप (वेग मोजायच्या जागा), फोडायचे बोर्ड, चिन्हांनी नुसता भरलेला. माणूस मग गाडी चालवतच नाही, ठिपके पुसत बसतो. खरी मजा तर त्या मोकळ्या रस्त्यात आहे भो, आणि ती सेटिंगमधून परत आणता येते.

मी फोर्झा होरायझन 5 धरून सांगतो, 2021 चा, मेक्सिकोवाला. नकाशा उघडून फिल्टरमधून रोड रेस सोडून बाकी सगळं बंद करा. रस्त्यावर वाट दाखवणारी रेषा फक्त ब्रेकिंगपुरती ठेवा, आठवड्याभराने तीही काढा. रिवाइंड, म्हणजे चुकल्यावर मागे जाऊन पुन्हा चालवायची सोय, बंदच करा, चूक पुसता येते म्हटल्यावर वळण कधीच शिकलं जात नाही.

आता गाडी. हा गेम पहिल्या काही तासांतच भारी भारी गाड्या हातात देतो आणि माझ्या मते गोडी तिथेच जाते, कारण साडेतीनशेच्या स्पीडला रस्ता दिसतच नाही, नुसता पट्टा पळतो. डी किंवा सी क्लासची, म्हणजे गेममधल्या खालच्या गटातली साधी गाडी घ्या, माझदाची जुनी मियाटा मस्त आहे, आणि महिनाभर तीच चालवा.

चाळीसगावहून कन्नड घाट चढताना पप्पांच्या शेजारी बसून मी एक गोष्ट शिकलो. पुढे ऊस भरलेला ट्रक, आमची गाडी दुसऱ्या गिअरवर, आणि पप्पांचा पाय वळण यायच्या आधीच ब्रेकवर, वळणात मात्र ब्रेकला हात नाही, म्हणजे पाय नाही. "आधी वेग कमी कर, मग स्टेअरिंग." गेममध्ये डोंगराचं एकही वळण जमत नव्हतं तेव्हा हेच केलं, सरळ रस्त्यावर ब्रेक, सोडला, वळवलं, वळणाच्या मध्यावर कंट्रोलरचा ट्रिगर, म्हणजे अॅक्सिलरेटरचं बटण, हळूहळू दाबत गेलो, आणि गाडी अशी काही बाहेर निघाली की मी एकटाच ओरडलो. कंट्रोलरचा ट्रिगर अर्धा दाबता येतो, कीबोर्डची की म्हणजे एकतर शून्य नाहीतर फुल, म्हणून कीबोर्डवाल्यांनी ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी सेटिंग) चालू ठेवा, नाहीतर मागची चाकं घसरत राहतील.

एआय गाड्यांची, म्हणजे गेम स्वतः चालवतो त्या गाड्यांची लेव्हल एकदम शेवटची ठेवू नका, पुढची गाडी सुरुवातीलाच निघून जाते आणि चीड येते. सलग तीन रेस जिंकलात तर एक पायरी वर, बस.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, लॅपटॉप तापला की गेम अडखळतो. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) 30 ला लॉक करा, लॅपटॉपच्या मागच्या कडेखाली दोन वह्या लावून हवेला जागा द्या, आणि कूलरच्या थेट ओल्या हवेत ठेवू नका. गेम शंभर जीबीच्या वर आहे, मोबाईलच्या रोजच्या डेटावर नाद नको.

विकत घेण्याआधी मात्र एक बघाच, गेम नेटशिवाय चालतो का. द क्रू हा रेसिंग गेम 2014 ला आला, 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि एकट्याने खेळायचा भागही गेला, लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम! मला याचा मनापासून राग येतो. 2024 च्या टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड सोलर क्राऊनमध्ये हाँगकाँग बेट आहे, पण त्यालाही कायम नेट लागतं, आणि आपल्याकडे लाईट गेली की वायफायही जातं. फोर्झा होरायझन 4 डिसेंबर 2024 मध्ये विक्रीतून निघाला, पण ज्यांनी आधी घेतला त्यांचा चालतो. कमी ताकदीचा पीसी असेल तर बर्नआउट पॅराडाइज या जुन्या रेसिंग गेमची 2018 ची रीमास्टर्ड (सुधारलेली) आवृत्ती बघा, एकट्याने खेळायला नेट लागत नाही.

आज रात्री एवढं करा. होरायझन 5 मधल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी जा, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून थेट उडी) नको, रेडिओ बंद, कॅमेरा गाडीच्या आतला, गिअर मॅन्युअल. काट्याकडे न बघता नुसत्या इंजिनाच्या आवाजावर गिअर टाकत वरपर्यंत चढा. वर पोचलात की गाडी वळवा आणि तोच रस्ता उतरा, उतारावर ब्रेक आणखी थोडा आधी लागेल.