मर्सिडीज डब्ल्यू १२३: मागच्या स्प्रिंगवरचं रबर कोणतं घ्यायचं?

गाडी मागून एका बाजूला बसली की नवी स्प्रिंग मागवायच्या आधी वरचं रबर पाहावं. डब्ल्यू १२३ या जुन्या मर्सिडीज मॉडेलमध्ये ते चार जाडींत येतं. कडेला एक उंचवटा म्हणजे ८ मिमी, दोन म्हणजे १३, तीन म्हणजे १८, चार म्हणजे २३. डाव्या-उजव्या बाजूला वेगळी जाडी बसवणं चूक नाही. ती सोय त्यासाठीच आहे.

माप सपाट फरशीवर घ्या: हवा बरोबर, टाकी भरलेली, डिकी रिकामी. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. स्प्रिंग चाकापेक्षा आत, आर्मवर (चाकाला धरून वर-खाली हलणाऱ्या भागावर) बसते, त्यामुळे रबर ५ मिमी वाढवलं की चाकापाशी त्याहून जास्त फरक पडतो. म्हणून एका वेळी एकच पायरी चढा. त्याआधी स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलेला नाही ना आणि सबफ्रेमची (आर्म ज्या चौकटीला जोडलेले असतात तिची) रबरं दबलेली नाहीत ना, हे तपासाच. तुटलेली स्प्रिंग जाड रबराने लपवणं धोक्याचं आहे.

शॉकअब्सॉर्बरच आर्मला खाली जाण्यापासून रोखतो. तो सोडण्याआधी आर्मखाली जॅक हवाच, नाहीतर ब्रेकचा होज ताणला जातो. स्प्रिंग आतून दाबणाऱ्या कॉम्प्रेसरनेच काढा. बसवताना तिचं खालचं टोक आर्ममधल्या खाचेला टेकलं पाहिजे. इथली चूक उंची बिघडवते.

जॅक काढल्यावर लगेच मोजू नका. चाकं आत ओढलेली असतात आणि गाडी उंच दिसते. थोडी चालवून मग मोजा. उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, तोही बदलतो, तोही तपासून घ्या.