आझाद हिंद सेनेतल्या अपरिचित अधिकाऱ्याचं चरित्र कसं लिहावं

वहीत सर्वांत आधी दोन हुद्दे वेगवेगळे लिहा: ब्रिटिश हिंदी सैन्यातला आणि आझाद हिंद सेनेतला. ब्रिटिशांनी या सेनेच्या अधिकाऱ्यांवर लाल किल्ल्यात चालवलेल्या खटल्यात शाहनवाज खान आणि प्रेमकुमार सहगल दोघेही कॅप्टन आहेत. आझाद हिंद सेनेत मात्र पहिले मेजर जनरल होते, दुसरे कर्नल. जुन्या सैन्यात जमादार-सुभेदार अशा कनिष्ठ हुद्द्यांवर असलेल्यांनाही तिथे अधिकारपदं मिळाली. त्यामुळे गावच्या स्मारकावर ‘लेफ्टनंट’ कोरलेला माणूस जुन्या सैन्याच्या अधिकारी-यादीत नसला, तर लगेच त्याच्यावर शंका घेऊ नका. त्याला जमादार म्हणून शोधा.

मग तारखांची पट्टी आखा. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. कॅप्टन मोहनसिंगांनी युद्धकैद्यांतून उभारलेली पहिली आझाद हिंद सेना त्याच वर्षी डिसेंबरात मोडली. नेताजी २ जुलै १९४३ ला सिंगापुरात उतरले. इंफाळची मोहीम मार्च १९४४ मध्ये सुरू झाली, आणि मे १९४५ मध्ये रंगून इंग्रजांच्या हाती गेलं. ‘बेचाळीस साली सिंगापुरात नेताजींनी पाठ थोपटली’ अशी घरची आठवण या पट्टीवर टिकत नाही; भेट खरी असेल, साल चुकलेलं असतं. सर्वांत जास्त गफलत होते ती डिसेंबर १९४२ नंतरच्या काही महिन्यांत. पहिल्या सेनेतले सगळेच नेताजींच्या दुसरीत आले नाहीत, काही जण थेट दुसरीतच दाखल झाले. या महिन्यांत आपला माणूस कुठे होता, हे कागदावरून कळल्याखेरीज १९४२ ते १९४५ अशी सलग रेघ ओढू नका.

कागदांसाठी दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आणि त्याचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ. नावाची रोमन स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी टाका. ‘भोसले’ मध्ये ‘एन’ घालून लिहिलेलं सर्रास आढळतं. नुसत्या नावाने काही निघत नसेल, तर मूळ पलटणीच्या नावाने शोधा.

खरी कसोटी लागते ती जबान्या वाचताना. पकडलेल्या सैनिकांची चौकशी करून ब्रिटिशांनी त्यांना निष्ठेवरून पांढरे (निष्ठावान), करडे (मधले) आणि काळे (कट्टर विरोधक) अशा वर्गांत टाकलं होतं. काळ्या वर्गात गेलं की नोकरी जायची, थकलेला पगार बुडायचा. साहजिकच कोठडीतला माणूस ‘सक्तीने गेलो, लढलो नाही’ असं सांगतो. त्याच माणसाचा १९७२ नंतरचा स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतनाचा अर्ज मिळाला, तर तिथे तोच आघाडीवर असतो. यातलं एक खरं नि दुसरं खोटं, असा निवाडा घाईने करणं त्या माणसावर अन्याय आहे. दोन्हींत जुळणाऱ्या तारखा, तुकडी आणि वरिष्ठाचं नाव तेवढं पक्कं धरा. उरलेलं ‘जबानीनुसार’, ‘अर्जानुसार’ असं लिहा. अर्जाला सोबतच्या कैद्याचा दाखला जोडलेला असेल, तर तो सोडू नका. पुढचा शोध त्या नावापासून सुरू होतो.

मृत्यूची नोंदही तपासून घ्या. इंफाळहून माघारीत मलेरिया, हगवण आणि उपासमारीने फार माणसं गेली. घरी मात्र ‘गोळी लागून गेले’ एवढंच पोचलेलं असू शकतं. कारणाचा कागद नसेल, तर ‘माघारीत मृत्यू’ एवढंच लिहा.